श्लोकाचा पत्ता : आयुर्वेदीय लेखनातील तळटीप व संदर्भसूची

‘चरकाचार्यांनी म्हटलेच आहे’ हे वाक्य आपल्या व्यवसायबंधूंच्या लेखांत वारंवार आढळते. चरकसंहितेची स्थाने ८ आणि अध्याय १२० आहेत. वाचकाने शोधावे कोठे? स्वस्थ पुरुषाची सुप्रसिद्ध व्याख्या अनेकदा चरकांच्या नावावर खपविली जाते. ती सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात आहे. आमवाताचे स्वतंत्र व्याधी म्हणून निदान माधवनिदानात येते, तरी त्याचे श्रेयही सर्रास बृहत्त्रयीला दिले जाते. स्थान व अध्याय लिहिण्याचा शिरस्ता असता, तर अशी विधाने छापण्यापूर्वीच अडली असती.

तळटीप हे पाश्चात्त्य विद्यापीठांचे फॅड आहे, असा एक समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. चरकांनी सिद्धिस्थानाच्या अखेरीस ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२ आहेत. त्यांपैकी अतीतावेक्षण म्हणजे मागे सांगितलेल्या विषयाकडे निर्देश, अनागतावेक्षण म्हणजे पुढे येणाऱ्या विषयाकडे निर्देश, आणि अनुमत म्हणजे दुसऱ्याचे मत खंडन न करता स्वीकारणे. हा संदर्भशास्त्राचाच विचार होय. डल्हण व चक्रपाणिदत्त हे टीकाकार पूर्वसूरींची मते नावानिशी नोंदवितात. ज्या जुन्या टीकांचा मोठा भाग आज उपलब्ध नाही, त्यांतील कित्येक मते केवळ या नोंदींमुळे आपल्यापर्यंत पोहोचली.

आता आवृत्तीचा प्रश्न. येथे थोडे थांबावयास हवे, कारण घोटाळा बहुधा येथेच होतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या आठ अध्यायांनंतर अध्यायांचा क्रम सर्व आवृत्त्यांत एकसारखा नाही. निर्णयसागरच्या पाठात अर्शचिकित्सा चौदावी आहे. वंगदेशीय परंपरेच्या पाठात ती पुष्कळ आधी येते. चिकित्सास्थानातील कोणते १७ अध्याय दृढबलांनी पूर्ण केले, हा वादही या क्रमाशीच निगडित आहे. श्लोकांक तर संपादकागणिक बदलतात. म्हणून नुसते ‘च. चि. १४’ असे लिहिणे अपुरे ठरते. अध्यायाचे नाव आणि आवृत्ती, दोन्ही हवीत.

रीत सोपी आहे. विधानाच्या शेवटी अंक घालावा आणि त्याच पृष्ठाच्या तळाशी त्या अंकासमोर ग्रंथ, स्थान, अध्याय, श्लोक लिहावा. लगेच पुढचा संदर्भ त्याच ठिकाणचा असल्यास ‘तत्रैव’ पुरते. आवृत्तीचा तपशील लेखाच्या शेवटी ग्रंथसूचीत एकदाच द्यावा. उदाहरणार्थ : चरकसंहिता, चक्रपाणिदत्तकृत आयुर्वेददीपिका टीकेसह, संपादक यादवजी त्रिकमजी आचार्य, निर्णयसागर मुद्रणालय, मुंबई, तिसरी आवृत्ती, १९४१. तळटीप विधानाचा पत्ता सांगते, सूची ग्रंथाची ओळख पटविते. एकीने दुसरीचे काम भागत नाही. मराठी भाषांतर वाचून लिहिले असेल, तर सूचीत भाषांतरकाराचे नाव हवे. मूळ संस्कृत ग्रंथ पाहिल्याचा आव आणणे हे आमच्या मते संदर्भ न देण्यापेक्षाही वाईट.

मूळ, टीका आणि भाषांतर वेगळी ठेवण्याचे महत्त्व सितोपलादी चूर्णावरून ध्यानी येते. चरकांच्या राजयक्ष्मा चिकित्सेत हा योग येतो. त्यातील तुगाक्षीरी म्हणजे वंशलोचन, असे आपण गृहीत धरतो; काहींच्या मते ती तवकीर होय. मूळ ग्रंथात शब्द तुगाक्षीरी एवढाच आहे. अर्थ कोणाचा घेतला, हे तळटिपेत लिहिले नाही, तर लेख वाचून चूर्ण करणारा फार्मसीचालक कोणते द्रव्य घालणार?

फार्मसीचालकांना हा विषय परका नाही. औषध नियमावली, १९४५ मधील नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांबरोबर प्रमाणभूत ग्रंथ व त्यातील अधिकरण यांचा निर्देश करावा लागतो. बाटलीवरची ती बारीक ओळ म्हणजे तळटीपच. योगाचे नाव तेच असले, तरी ग्रंथभेदाने घटक व प्रमाण बदलू शकते. तेव्हा ग्रंथ एक आणि पाठ दुसराच, असे होता कामा नये.

संदर्भाचे बळ हळदीच्या प्रकरणात साऱ्या जगाने पाहिले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्यास आव्हान दिले आणि ३२ लिखित संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरोघरी आजी हळद लावते, ही गोष्ट खरीच. परंतु तेथे उपयोगी पडला तो छापील पुरावा.

राहता राहिला गुरुमुखातून आलेला योग. त्यास ग्रंथ नाही म्हणून तळटीप नको, असे नव्हे. ‘मौखिक परंपरा’ असे स्पष्ट लिहून सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि ऐकल्याचे वर्ष त्यांच्या अनुमतीने नोंदवावे. अनुमती नसेल, तर नाव वगळून गाव व वर्ष तरी द्यावे, आणि कोणत्याही संहितेचे नाव त्यास चिकटवू नये.