आबांचं शेड, आईंचा डबा

गेले दोन महिने आमच्या घरातलं डायनिंग टेबल आमचं राहिलं नव्हतं. आम्ही खाली सतरंजीवर बसून जेवत होतो आणि टेबलावर रेल्वेचं इंजिन शेड उभं राहत होतं. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "अहो, नातवंडं यायच्या आधीच खेळणी मांडलीत की!" मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगू का, पहिले आठ दिवस मलाही ते खेळणंच वाटत होतं.

माझे सासरे, आबा, दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं वाफेच्या इंजिनांखाली गेली. निवृत्त झाल्यावर श्रीरामपूरला घर बांधलं, तेही शिट्टी ऐकू येईल अशा बेतानं. दौंड-मनमाड ही लाइन १८७८ सालची. आमचं गाव त्याच लाइनवरचं, पण स्टेशनच्या पाटीवर नाव बेलापूर. आबा आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून हात थरथरतात. चहाचा कप धरता येईना, तेव्हापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. दिवसभर खिडकीशी बसायचे.

आमचा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत असतो. तिकडे मॉडेल रेल्वेचा छंद घरोघरी. सुट्टीवर येताना त्यानं आजोबांसाठी हे भलंमोठं खोकं आणलं. सहा इंजिनं मावतील असं अर्धगोल शेड. माप १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. मुलगा परत गेला आणि खोकं कपाटावर गेलं. थरथरत्या हातांनी आबा ते करणार कसं? शेवटी एका दुपारी मीच उघडलं. शंभरावर तुकडे, एकाच चौकटीला चिकटलेले, आणि कागदावर नुसती चित्रं!

पहिल्याच दिवशी फजिती झाली. तुकडे हातानंच मोडून काढले, तर खिडकीच्या दोन गजांचे तुकडे पडले. तेव्हापासून आबा टेबलाशी येऊन बसले. "पक्कड लाव. पिळायचं नाही, कापायचं," ते म्हणाले. कित्येक दिवसांत ऐकलेलं त्यांचं पहिलं सलग वाक्य! मग आमचं ठरून गेलं. हात माझे, डोळे आणि डोकं त्यांचं.

मैत्रिणींनो, हे काम आपल्याला परकं नाही. तुकडे आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. कापलेली कड बारीक पॉलिश पेपरनं घासायची. चिकटवायचं द्रावण प्लास्टिक किंचित वितळवून सांधा जोडतं, म्हणून ते सुईच्या टोकाएवढंच लावायचं. थेंब ओघळला की भिंतीवर कायमचा डाग. सुकेपर्यंत भिंती धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड. विटांना आधी लाल रंग. तो वाळला की फिकट राखाडी रंग खूप पातळ करून वरून फिरवायचा आणि लगेच फडक्यानं पुसायचा. सांध्यांत तेवढा रंग राहतो आणि एकेक वीट उठून दिसते. मेंदीचा कोन धरणारा हात हे सहज शिकतो.

मध्येच पुण्याला एका लग्नाला गेले होते. तेव्हा वाट वाकडी करून कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आले. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. सिग्नल, पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या! दिवे मालवून रात्र केली, तेव्हा मी लहान मुलासारखी टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसानं सगळं आयुष्य लावावं असा हा छंद आहे, हे तिथे पटलं. घरी आल्यावर वहिनींचं बोलणं टोचेनासं झालं.

पण खरा वाद रंगाचा झाला. खोक्यावरच्या चित्रातलं शेड लालचुटूक, स्वच्छ. मी तस्संच केलं. आबांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे शेड नाही, मंगल कार्यालय आहे." त्यांचं बरोबर होतं. थंड इंजिन पेटवून वाफ धरायलाच कित्येक तास लागत. तेवढा वेळ धूर निघणारच. म्हणून तर शेडच्या छतावर प्रत्येक रुळावर धुराडं असतं. आणि दोन रुळांमध्ये खड्डा, त्यात उतरून फिटरनं इंजिनाच्या पोटाखाली काम करायचं. आबांची कंबर त्याच खड्ड्यात गेली.

मग मी शेगडीतला कोळसा कुटून वस्त्रगाळ केला आणि कोरड्या ब्रशनं फासायला लागले. आबा सांगत होते, इथे लाव, तिथे लाव. इतक्यात भाजी निवडत बसलेल्या आई म्हणाल्या, "दारावर जास्त नको. काळं वर असतं, धुराड्यापाशी. खाली तेलाचे डाग." आम्ही दोघंही बघतच राहिलो.

"आई, तुम्ही शेडमध्ये गेला होतात?"

"आत कशाला कोण नेतंय? मी गेटपर्यंत. डबा द्यायला."

मग त्या बोलत गेल्या. रात्री दोनला शेजारच्या ड्रायव्हरांना उठवायला कॉलबॉय यायचा, ती हाक चाळीतल्या सगळ्या बायकांची झोप मोडायची. आबांचे कपडे सोड्यात उकळूनही काळेच राहायचे. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळीचे ठिपके पडायचे, मग ते परत धुवायचं. साठ वर्षांत हे मी ऐकलं नव्हतं, असं आबाच म्हणाले. आई म्हणाल्या, "विचारलं कुणी?"

घरात क्षणभर कुणी बोललं नाही. आबांनी थरथरता हात पुढे केला आणि त्यांच्यासमोरची मेथीची जुडी आपल्याकडे ओढली. पानं निम्मी खाली सांडत होती. आईंनी काही म्हटलं नाही.

त्या रात्री मी हिशेब केला. पाच फुटी बाई सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात पावणेदोन सेंटिमीटर. तांब्याची तार वाकवली, वर थोडा एमसील, आणि हिरवं लुगडं रंगवलं. हातात मोहरीएवढा डबा. सकाळी शेडच्या गेटाशी ती चिकटवायला घेतली, तर आईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, जरा आत सरकव. बाहेर ऊन लागतं."

आता ती बाई शेडच्या दारात आहे, सावलीत. आणि आम्ही अजून खालीच जेवतो.