‘बूट’ : एका रूढ शब्दाचा अर्थ व वापर

शिरूर व दौंड तालुक्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतात. त्यांच्या पायांत जे पादत्राण असते त्यास इंग्लंडात ‘ट्रेनर्स’ आणि अमेरिकेत ‘स्नीकर्स’ म्हणतात. आपल्याकडे तो तरुण त्यास ‘बूट’ म्हणतो. दुकानात तो ‘रनिंगचे बूट’ किंवा ‘स्पोर्ट्स शूज’ मागेल; घरी मात्र ‘माझे बूट कुठे ठेवले?’ एवढेच विचारील. (‘ट्रेनर’ हा शब्द मराठीत आला आहे, पण तो व्यायामशाळेतील शिक्षकासाठी, पायात घालावयाच्या वस्तूसाठी नव्हे.) इंग्रजी कोश हाताशी ठेवून पाहणाऱ्यास हा वापर चुकीचा वाटतो. इंग्रजीत ‘बूट’ म्हणजे घोट्याच्या वर चढणारे पादत्राण, आणि हे तर घोट्याखालीच संपते. त्यामुळे ‘बूट’ अडाणी व ‘शूज’ शुद्ध, असा ग्रह शाळांतून व सुशिक्षित घरांतून रूढ होत चालला आहे. हा ग्रह कितपत खरा आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

उसन्या शब्दाचा अर्थ देणाऱ्या भाषेच्या कोशावरून ठरत नाही. घेणाऱ्या भाषेत त्याच्या शेजारी कोणते शब्द बसले आहेत त्यावरून ठरतो. मराठीत ‘बूट’ या शब्दाचा शेजारी ‘चप्पल’ हा आहे. चपलेत पाऊल उघडे राहते, बुटात ते झाकले जाते. भेद एवढाच. उंचीचा प्रश्न मराठीने येथे विचारलेलाच नाही. म्हणून शाळेच्या गणवेषातील काळे बूट, पी. टी.च्या तासाचे पांढरे कॅनव्हासचे बूट, कुस्तीच्या मॅटवरचे बूट आणि धावण्याचे बूट ही सर्व एकाच नावाखाली येतात. काम किंवा रंग सांगणारे पद पुढे जोडले की झाले. उंची महत्त्वाची ठरते तेथे भाषेने वेगळा शब्द ठेवलाच आहे : उसाला पाणी देताना चिखलात घालावयाचा तो ‘गमबूट’. रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ‘सेफ्टी शूज’ हा शब्द ऐकू येतो, कारण तो सूचनाफलकावरून तोंडात आला आहे. पण तेच पादत्राण ‘सेफ्टी बूट’ म्हणूनही चालते.

पादत्राणांची नावे अशी सरकणे आपल्याकडे नवे नाही. ‘मोजा’ हा फार्सी शब्द. फार्सीत त्याचा अर्थ चामड्याचे उंच पादत्राण, म्हणजे इंग्रजी अर्थाने खराखुरा ‘बूट’. मराठीत तो पायातील कापडी आवरणावर येऊन थांबला, आणि आज आपण ‘बूट-मोजे’ असा समास सहज करतो. एका भाषेतील बूट दुसऱ्या भाषेतील बुटाच्या आत गेला, याची खंत कोणी बाळगल्याचे ऐकिवात नाही. ‘जोडा’ हा शब्द तर आपला घरचा. मूळ अर्थ दोहोंची जोडी. पण ‘एका पायातला जोडा’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो. जोडीचे नाव एकट्याला मिळाले. संस्कृत ‘उपानह्’पासून आलेली ‘वहाण’ मात्र आता ‘पायीची वहाण पायीच बरी’ यासारख्या म्हणींतच अधिक भेटते.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ‘बूट’ पुरता मराठी झालेला आहे. ‘फूल–फुलाचा’, ‘वकील–वकिलाला’ याप्रमाणेच ‘बूट–बुटाची नाडी’. सामान्यरूपाचा आकार त्याने घेतला, आणि उपान्त्य दीर्घ स्वरही नियमाप्रमाणे ऱ्हस्व झाला. प्रमाण भाषेत तो पुल्लिंगी असल्याने अनेकवचनातही ‘बूट’च राहतो : ‘एक बूट’, ‘दोन बूट’. येथील बोलीला हे पुरत नाही. ती ‘बुटं’ असे नपुंसकलिंगी अनेकवचन करते, ‘बुटं काढ अन् आत ये.’ यास चूक म्हणून सोडून देता येणार नाही. जी वस्तू नेहमी जोडीनेच असते तिचे अनेकत्व कानाला स्पष्ट ऐकू यावे, ही गरज या रूपामागे दिसते.

याउलट ‘शूज’ अजून पाहुणाच आहे. ‘शूजची लेस’, ‘शूजमध्ये खडा गेला’ येथे सामान्यरूप नाही, स्वरही ऱ्हस्व होत नाही. इंग्रजी अनेकवचन जसेच्या तसे आले आणि ‘माझा एक शूज सापडत नाही’ असे त्याचे एकवचनही होऊ लागले. त्याचा सोबती ‘सॉक्स’. त्याचीही हीच गत. ‘शूज-सॉक्स’ आणि ‘बूट-मोजे’ या जोड्या सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. मराठीने एकवचनी ‘शू’ का घेतला नाही, याचे एक कारण उघड आहे, लेखात लिहिण्यास थोडा संकोच वाटला तरी : तो शब्द बाळाच्या आईने आधीच अडवून ठेवला आहे. झिल्येराँ या फ्रेंच बोलीअभ्यासकाने गास्कनीतील उदाहरण दिले आहे. तेथे कोंबडा व मांजर यांची नावे ध्वनिपरिवर्तनाने एकरूप झाली, तेव्हा बोलीने कोंबड्यास दुसरे नाव दिले. समोच्चारित शब्दांची टक्कर टाळण्याची ही रीत आहे.

पण टक्कर प्रत्येक वेळी होतेच असे नाही. ‘सहलीचा बूट निघाला’ यातील ‘बूट’, म्हणजे टूम किंवा बेत, हा निराळा शब्द. पायातले बूट ‘घालतात’, हा बूट ‘निघतो’. क्रियापदांनीच दोघांची हद्द आखली आहे.

‘बूट’ येथे इतका का मुरला याचे उत्तर दोन्ही गावांच्या इतिहासात शोधावे लागते. शिरूर, म्हणजे जुनी घोडनदी, ही इंग्रजांची लष्करी छावणी होती. १८१७ च्या अखेरीस कोरेगाव-भीमाच्या मार्गाने निघालेली पलटण येथूनच निघाली. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तेथून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. पुढे तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे गटही आले. ‘पलटण’, ‘फलाट’ आणि ‘बूट’ हे शब्द माझ्या मते एकाच पद्धतीचे आहेत. ते कानाने घेतले गेले आणि तोंडात घोळून मराठी झाले. ‘शूज’ हा प्रामुख्याने शाळा, जाहिरात व वेष्टनावरील अक्षरे यांतून, म्हणजे डोळ्याने आलेला. दोहोंतील भेद शुद्धाशुद्धतेचा नसून आगमनाच्या वाटेचा आहे.

हा भेद न ओळखल्यास व्यवहारात घोटाळा होतो. साक्षीदार ‘त्याच्या पायात पांढरे बूट होते’ असे सांगतो. जबाबाच्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘बूट्स’ असे पडले, आणि जप्तीत घोट्याखालचे कॅनव्हासचे पादत्राण निघाले, तर साक्षीत नसलेली विसंगती भाषांतरकाराने निर्माण केली असे होईल. शब्द तोच, पण अर्थ तो नव्हे. ‘बूट’ लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याचे गुण कापणारा शिक्षकही हेच करतो. फरक इतकाच की तेथे उलटतपासणी होत नाही.

मराठी कोशात नोंद करावयाची झाल्यास ती अशी असावी : बूट, पु. (बोलीत अनेकवचन ‘बुटं’, न.) पाऊल पूर्ण झाकणारे, बहुधा नाडीचे पादत्राण, उंची कोणतीही, विशेषतः खेळाचे किंवा धावण्याचे, ‘चप्पल’ याहून भिन्न. [इं.] ‘बुटं’ या रूपापुढे ‘ग्राम्य’ अशी खूण मात्र घालू नये, ‘बोलीगत’ एवढे पुरे.