गिमवीच्या पाण्यातला कृमी

माजिवड्याहून एका वाचकानं विचारलंय: माशांच्या टाकीच्या काचेवर पांढुरके, चपटे, दोन डोळ्यांचे किडे सरपटताना दिसतात, त्यांच्यापासून माणसाला अपाय आहे का? नाही. हे प्लॅनेरियन. माशांनी न खाल्लेल्या खाद्यावर त्यांची चंगळ होते. खाद्य कमी टाका, तेही कमी होतील.

पण याच चपट्या कृमींच्या गोतावळ्यातल्या एकानं आपल्या कोकणात माणसाला गाठलं होतं. गाव गिमवी, तालुका गुहागर. लघवीतून रक्त जाण्याचा इथला आजार म्हणजे शिस्टोसोमियासिस, हे आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी १९५२ साली जाहीर केलं. आजार आफ्रिका-मध्यपूर्वेचा, गुहागरात तो स्थानिक असेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शंका घ्यायला जागाही होती. या कृमीची नर-मादी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहतात. नर आपल्या चपट्या अंगाच्या कडा आत वळवून पन्हळ करतो आणि लांबट मादी त्या पन्हळीत वस्तीला असते. टोकाला काटा असलेली अंडी लघवीवाटे पाण्यात पडतात. त्यांतून निघालेल्या पिल्लाला काही तासांत गोगलगाय गाठावी लागते, आणि तीही नेमक्या जातीची. तिच्या अंगात एकाचे शेकडो-हजारो होतात, दुभंगलेल्या शेपटीनं पोहत बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात. आफ्रिकेत ही गोगलगाय म्हणजे ब्युलिनस. ती भारतात नाही! मग गिमवीत कोण?

उत्तर निघालं फेरिसिया टेन्युइस. जेमतेम काही मिलिमीटरची, शंखाला वेटोळं नाही, नुसती चपटी टोपी. दगडाला चिकटलेली असली तर पटकन नजरेलाही येत नाही. गाडगीळ-शहांनी नुसतं बोट दाखवलं नाही, तर प्रयोगशाळेत तिला कृमीची लागण करून दाखवली. तो निबंध १९५५चा. १८५१ साली कैरोत हा कृमी शोधणाऱ्या बिल्हार्झचं नाव आजाराला मिळालं, ते रास्तच. पण ही टोपीवाली गोगलगाय हुडकणं मला तितकंच मोलाचं वाटतं, आणि आपल्याकडे या जोडीचं नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसावं याची खंत वाटते.

पुढे रुग्णांवर उपचार झाले, गोगलगायी मारायला पाण्यात मोरचूद टाकला गेला आणि गिमवीतली साखळी तुटली. मात्र २०१४ साली फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर, एका नदीत पोहलेल्या लोकांत हाच आजार उमटला. तिथं योग्य गोगलगाय आधीपासून होती. कृमी तेवढा बाहेरून आला.