उसाच्या फडातून गणेशखिंडीत

नारायणगाव, ओतूर, मंचरच्या पट्ट्यात सकाळी उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला सरीच्या ओल्या मातीत ठसा दिसला, की पहिला प्रश्न एकच : कुत्रं का बिबट्या? उत्तर नखांत आहे. चालताना बिबट्या नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात चार बोटं उमटतात आणि नखं उमटत नाहीत. कुत्र्याला नखं आत घेता येत नाहीत, त्यामुळे त्याच्या बोटांपुढे नखांची टोकं रुततात. शिवाय बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलसर फुगवटे दिसतात. जुन्नर-आंबेगावातली शाळकरी पोरंसुद्धा हे सांगतात. म्हणजे न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञानाचा पहिला धडा इथे बांधावरच मिळतो.

पुढचा धडा मात्र प्रयोगशाळेत. हल्ला बिबट्याचा का मोकाट कुत्र्यांचा, हे चाव्याच्या जखमेवर राहिलेली लाळ सांगू शकते. निर्जंतुक कापसाच्या बोळ्यावर ती टिपायची, वाळवायची आणि डीएनए तपासायचा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं, पण हल्ला वन्यप्राण्याचाच होता हे आधी ठरावं लागतं. एका बोळ्यावर घरादाराचं केवढं अवलंबून असतं पाहा.

ठिपक्यांचं आधार कार्ड

दोन बिबट्यांचे ठिपके कधीच सारखे नसतात. कॅमेरा ट्रॅपमध्ये उजव्या-डाव्या कुशीचे फोटो मिळाले की तज्ज्ञ त्या जनावराला पुन्हा ओळखतात. जुन्नर परिसरात पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिपही बसवली गेली. सोडलेला बिबट्या पुन्हा पिंजऱ्यात आला तर यंत्र फिरवताच त्याचा नंबर दिसतो.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नरच्या नोंदी तपासल्या तेव्हा एक धक्कादायक गोष्ट पुढे आली. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम सुरू होण्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोहिमेनंतर ते १७ वर गेले. उपाय म्हणून जे केलं त्यानेच हल्ले वाढले. हे कळलं ते कुणीतरी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडून आकडे जुळवले म्हणून. माझ्या लेखी जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांतून निघालेलं हे सगळ्यात मोलाचं शास्त्रीय काम आहे.

शिजलं तरी सुटका नाही

शिकार करून मांस शिजवलं की पुरावा संपला, असं वाटणाऱ्यांसाठी : हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि सुनीलकुमार वर्मा यांनी अशी पद्धत बसवली, की मांसाच्या तुकड्यावरून, केसावरून, कातड्यावरून प्राण्याची जात कळते. शिजवलेलं मांसही त्यातून सुटत नाही. 'वाघनख' म्हणून गळ्यात घातलेली वस्तू गुरांच्या शिंगातून कोरलेली आहे का, तेही उघड होतं.

आणि माणसांच्या बोटांचे ठसे? जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो लंडनला नाही, कलकत्त्याला १८९७ मध्ये निघाला. वर्गीकरणाची पद्धत गाजली इंग्रज अधिकारी हेन्री यांच्या नावाने, पण १,०२४ खणांची गणिती मांडणी अझिझुल हक यांची आणि त्यांच्या जोडीला हेमचंद्र बोस. ही नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवीत.

'सीए आला का?'

सरकारी पाटीवर 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असं लिहिलेलं असतं. पोलीस ठाण्यात मात्र विचारतात, 'सीए रिपोर्ट आला का?' सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. मुंबईत अशी प्रयोगशाळा १८७० मध्ये सुरू झाली. त्याआधी मद्रास १८४९, कलकत्ता १८५३, आग्रा १८६४. दीडशे वर्षं उलटली, पाट्या बदलल्या, तरी 'सीए' तोंडातून गेला नाही. जुन्नर-आंबेगावचा मुद्देमाल पुण्यात गणेशखिंडीला प्रादेशिक प्रयोगशाळेत जातो. राज्याचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे.

'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य बातमीत हमखास असतं. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या जठर-यकृतासारख्या अवयवांचे तुकडे, राखतात कशात? बहुतेक वेळा चक्क मिठाच्या पाण्यात. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालायचं, तळाशी थोडं उरलं पाहिजे. आपल्या लोणच्याचंच तत्त्व. रक्ताचे डाग असलेला कपडा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच घालायचा नाही. ओल कोंडते, बुरशी येते, डीएनए कुजतो. सावलीत वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. खाकी कागदाचं साधं पाकीट इथे महागड्या डब्याला मागे टाकतं.

बटाटा, धरण आणि विळा

सातगाव पठार म्हणजे आंबेगावची बटाट्याची पेठ. आता गंमत ऐका. सुरीवरचा डाग रक्ताचा आहे का, हे बघायला एक झटपट चाचणी करतात. द्रावण टाकलं की गुलाबी रंग येतो. पण ताज्या बटाट्यातल्या एका विकरामुळेही तसाच गुलाबी रंग येऊ शकतो! म्हणून गुलाबी रंग ही नुसती शंका समजायची. त्यानंतर डाग खरोखर रक्ताचा का, रक्त माणसाचं का जनावराचं, मग कोणाचं, अशा पायऱ्या चढायच्या. पहिल्याच पायरीवर थांबणारा तपास निरपराध माणसाला तुरुंगात पाठवू शकतो.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. प्रत्येकाच्या पाण्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात. त्यांच्याभोवती काचेसारखं सिलिकाचं कवच असतं आणि कुठली जात किती हे जागेगणिक बदलतं. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर ही कवचं फुप्फुसात, तिथून रक्तात आणि पार हाडांच्या मज्जेपर्यंत जातात. मृतदेह पाण्यात टाकला असेल, तर हृदय थांबलेलं असल्याने ती सहसा तिथवर पोचत नाहीत. मात्र एवढ्यावर खटला उभा राहत नाही, इतर पुरावे लागतातच.

विळ्याची गोष्ट जुनी आहे. चीनमधल्या सुंग त्सू या न्यायाधीशाने १२४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ती येते. गावात खून झाला, घाव विळ्याचा. सगळ्यांना आपापले विळे जमिनीवर मांडायला लावले. उन्हात माश्या एकाच विळ्यावर बसल्या. धुतलेल्या पात्यावरचा रक्ताचा अंश माणसाला दिसला नाही, माश्यांना कळला.

चाचणी घेणाऱ्यांची चाचणी

सरकारी तज्ज्ञाचा अहवाल न्यायालयात त्याला साक्षीला न बोलावताही वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९ आहे. मग त्या कागदावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? इथे तज्ज्ञांच्या संघटनांचं काम सुरू होतं. त्यांच्याबद्दल बातम्या येत नाहीत, पण प्रयोगशाळेची शिस्त बसते ती त्यांच्यामुळेच.

अमेरिकेत १९७०च्या दशकात दोनशेहून अधिक प्रयोगशाळांना अनोळखी नमुने पाठवून परीक्षा घेतली. रक्त, रंगाचे कपचे, माती, गोळ्या, सगळीकडे चुका निघाल्या आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या. १९७४ मध्ये तिथल्या प्रयोगशाळाप्रमुखांनी आपली संघटना बांधली होती. तिने मानांकनाची पद्धत आणली आणि १९८२ मध्ये इलिनॉय राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळांना पहिला मान मिळाला. अशा संघटना तिथे निधी आणि कायदे यांसाठीही संसदेत बाजू मांडतात.

आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस १९६० मध्ये कलकत्त्याला सुरू झाली. न्यायवैद्यक डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक मेडिसिन, जन्मली आपल्या शेजारी पणजीत, १९७२ मध्ये! प्रयोगशाळांना मानांकन देतं एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ. औरंगाबादच्या प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कीटकनाशकं ओळखण्याच्या स्वस्त, सोप्या पद्धती शोधल्या आणि त्या 'द अ‍ॅनालिस्ट' या ब्रिटिश नियतकालिकात छापून आल्या. शेतीप्रधान राज्यातल्या प्रयोगशाळेला नेमकं काय लागतं, ते त्यांना ठाऊक होतं.

एक बदल घरच्यांच्या जिवाला थेट भिडणारा. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही, ही इंग्रजांच्या काळातली प्रथा, कारण तेव्हा पुरेसा उजेड नसायचा. १५ नोव्हेंबर २०२१ पासून सोयी असलेल्या रुग्णालयांना रात्रीही परवानगी मिळाली. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय अशी प्रकरणं सर्वसाधारणपणे वगळून आणि चित्रीकरण करून. भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून आलेल्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढायला लागू नये, यापेक्षा मोठी सुधारणा कुठली?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं, की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ येईपर्यंत, किंवा बिबट्याच्या ठशासाठी वनखात्याची माणसं पोचेपर्यंत, गावकऱ्याच्या हाती एक काम असतं आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. ठशावर घमेलं पालथं घालायचं, शेजारी काठी रोवायची आणि तिकडे पाणी सोडू द्यायचं नाही.