पत्र्याचे घर उन्हाळ्यात थंड कसे ठेवावे?



विदर्भ, मराठवाडा व खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. मातीच्या धाब्याच्या घराचे जाड छत तापायला कित्येक तास लागतात. पत्रा मात्र ऊन पडताच तापतो आणि खाली झळ मारतो. म्हणून कूलर घेण्याआधी छताकडे लक्ष द्यावे. उष्णता आत आल्यावर बाहेर काढण्यापेक्षा ती वरच अडवणे स्वस्त पडते.

१. चुन्याचा हात : पांढरे छत ऊन परतवते. मार्चमध्ये पत्र्यावरील धूळ धुऊन काढावी. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवून गाळून घ्यावा, त्यात डिंकाचे पाणी मिसळावे आणि दोन हात द्यावेत. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी करावे. चुना विरताना उकळतो. डोळे जपावेत, मुलांना दूर ठेवावे. पत्र्यावर फळी टाकूनच चालावे.

२. छतावर सावली : चुना देणे शक्य नसल्यास तुराट्या किंवा उसाचे पाचट पसरून तारेने घट्ट बांधावे. पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत. त्यांवरील किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी टिकून राहते व पुढील हंगामात कपाशीवर येते. काडीकचरा लवकर पेट घेतो. चुलीचे धुराडे व विजेच्या तारा यांपासून तो दूर ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी काढावा.

३. आतून तट्ट्या : पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बसवाव्यात. मधली गरम हवा बाहेर जाण्यासाठी दोन्ही टोके मोकळी ठेवावीत.

४. खिडक्या व हवा : बाहेरची हवा तापू लागली की खिडक्या बंद कराव्यात, रात्री सर्व उघडाव्यात. कूलर चालू असताना मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी; नाहीतर ओलावा कोंडून उकाडा वाढतो. वाळ्याचा ओला पडदा कोरड्या हवेत चांगले काम देतो, कोकणातील दमट हवेत फारसा नाही.

५. पश्चिमेची भिंत : दुपारनंतर हीच भिंत जास्त तापते. तिच्यापुढे पडवी किंवा वेलाचा मांडव करावा. पावसाळ्यात त्या बाजूला अंतर राखून कडुनिंब लावावा.

उष्माघात ओळखा

अंग अतिशय तापणे, बरळणे, झटके किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसल्यास पाणी पाजू नये.

दुपारी शेतातून परतलेल्या माणसाला घरात तरी गारवा मिळायला हवा. घरात म्हातारी माणसे व तान्ही मुले दिवसभर असतात, तेव्हा छताचे काम मार्चअखेर उरकून घ्यावे.