वाळूखालचे नीया

चीनच्या तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेला नीया नावाचे गाव होते. कुनलुन पर्वताच्या वितळलेल्या बर्फाने वाहणारी एक नदी इथे वाळूत जिरत असे. तिच्याच पाण्यावर शेते, द्राक्षबागा आणि रेशीममार्गावरच्या तांड्यांचा मुक्काम चाले. जुन्या चिनी इतिहासात इथल्या ४८० घरांची नोंद आहे.

१९०१ साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला इथल्या घरांत आणि उकिरड्यात मजकूर लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या. आपल्याला खरे नवल वाटावे ते पुढेच: लिपी प्राचीन वायव्य भारतातली खरोष्ठी आणि भाषा प्राकृत, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेची दूरची बहीण! मजकूर रोजच्या जगण्यातला: उंटांचे व्यवहार, जमिनीची विक्री, पाण्यावरून तंटे, थकलेला कर. राजाज्ञेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोरीने बांधत आणि वर ओल्या मातीत मोहोर उमटवत. काही मोहोरांवर ग्रीक देवी अथीना आहे.

चौथ्या शतकाच्या सुमारास गाव ओस पडले. नदीचे पाणी आटत गेले हे मोठे कारण मानतात; राजकीय अस्थिरताही होतीच. स्टाइनच्या हाती आलेल्या काही पट्ट्यांच्या मोहोरा तेव्हाही शाबूत होत्या.