ओढली की आकसणारी स्प्रिंग

सोलापूरहून वाडीकडे जाताना अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी ही स्टेशनं मागे पडली की दुधनी येतं. इथल्या मुलांच्या कानात मालगाडीचा एक आवाज पक्का बसलेला असतो. उभी गाडी निघाली की आधी इंजिनापाशी 'खट्' होतं, मग पहिल्या डब्यापाशी, मग दुसऱ्या. ही खटखट पळत पळत थेट शेवटच्या डब्यापर्यंत पोचते. म्हणजे सगळे डबे एकदम हलत नाहीत, एकामागून एक हलतात!

आता हिशेब करा. भरलेल्या एका वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, वजन 80 टन, कधी त्याहूनही जास्त. अशा पन्नासेक वाघिणी एकापाठोपाठ. प्रत्येक 'खट्'ला केवढा हिसका बसत असेल? तरी जोडणी तुटत नाही, कारण तिच्यामागे तो हिसका सोसणारी एक दणकट यंत्रणा लपलेली असते. तिच्यातली खरी गंमत अशी, की गाडी ओढली जाते तेव्हा ती यंत्रणा ताणली जात नाही. दाबली जाते!

ओढल्यावर दाबली कशी जाईल? सांगतो, पण आधी साधी ताणाची स्प्रिंग बघू.

ही तुमच्या ओळखीची आहे. शाळेतल्या ताणकाट्यात ती असते, मोटारसायकलच्या साइड स्टँडला असते, बाळाच्या झोळीलाही असते. वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि दोन्ही टोकांना आकडे. बऱ्याच स्प्रिंगांचे वेढे बनवतानाच एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. म्हणून अगदी थोडं ओढलं तर अशी स्प्रिंग ढिम्म हलत नाही. ठरावीक जोर लागला की मगच वेढे सुटू लागतात, आणि तिथून पुढे जितका जोर वाढवाल तितक्या प्रमाणात ती लांबते. हा नियम शोधला इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं. शोध दुसऱ्या कुणी आपल्या नावावर खपवू नये म्हणून त्यानं 1676 साली तो अक्षरं उलटसुलट करून कोड्याच्या रूपात छापला आणि 1678 साली स्वतःच कोडं सोडवून दाखवलं!

स्प्रिंग लांबते तेव्हा तिची तार लांबते असं वाटतं ना? तार जवळजवळ तेवढीच राहते. ओला टॉवेल आपण पिळतो, तशी ती तार आतल्या आत पिळली जाते. प्रत्येक वेढ्यात थोडा थोडा पीळ पडतो आणि सगळे मिळून स्प्रिंग लांबलेली दिसते. म्हणूनच तारेच्या जाडीला इतकं महत्त्व आहे. बाकी सगळं तेच ठेवून तार दुप्पट जाड घेतली, तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट नाही, तब्बल 16 पट कडक होते. तार तीच ठेवून वेढ्याचा व्यास दुप्पट केला, तर ती 8 पट मऊ होते. आणि लांब स्प्रिंग मधोमध कापली, तर प्रत्येक तुकडा मूळ स्प्रिंगच्या दुप्पट कडक निघतो.

ताणाच्या स्प्रिंगची एक दुखरी जागा आहे, तिचा आकडा. वेढ्यांतल्या तारेला फक्त पीळ सोसायचा असतो, पण आकड्याच्या वळणावर पीळही पडतो आणि वाकही. त्यामुळे अशी स्प्रिंग तुटते ती बहुधा आकड्यापाशीच. शिवाय 'आता बास' म्हणणारं तिच्यात काहीच नसतं. जास्त ओढलं की ती लांबतच जाते, मग पुन्हा मूळ मापाला येत नाही, आणि आकडा सरळ झाला की टांगलेली वस्तू धाडकन खाली.

याच भीतीवरचा सुंदर उपाय म्हणजे ड्रॉबार स्प्रिंग. मला तर ही सगळ्या स्प्रिंगांमध्ये शहाणी वाटते. तिच्यात दाबाची स्प्रिंग असते, म्हणजे वेढ्यांमध्ये फटी असलेली. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळवलेली एक लांब तार वरून आत घालायची आणि तिची दोन्ही टोकं खालच्या वेढ्याला अडकवायची. तशीच दुसरी तार खालून आत घालून वरच्या वेढ्याला अडकवायची. आता वरची तार वर ओढली की खालचं टोक वर येतं, खालची तार खाली ओढली की वरचं टोक खाली येतं. मधली स्प्रिंग चेपते! वेढे एकमेकांना टेकले की ती आणखी आकसूच शकत नाही, तिथेच थांबते. समजा मध्येच एखादा वेढा तुटला, तरी तुकडे दोन तारांच्या कैचीतच राहतात आणि टांगलेली वस्तू सहसा खाली पडत नाही.

घरी करून बघा. जुन्या बॉलपेनमधली स्प्रिंग आणि बारीक पण ताठ तारेचे दोन तुकडे एवढंच हवं. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि डोळे लांब ठेवा, कारण स्प्रिंग सुटून उडते.

आता मालगाडीकडे चला. वाघिणीच्या टोकाला जो पंजासारखा कपलर दिसतो, त्याची दांडी आत एका मजबूत पोलादी चौकटीला जोडलेली असते. त्या चौकटीच्या पोटात धक्का झेलणारा ठोकळा असतो. त्यात स्प्रिंगा किंवा रबर असतं आणि एकमेकांवर घासणारे भाग असतात. इंजिन ओढतं तेव्हा चौकट ठोकळ्याला मागून पुढे चेपते. ब्रेक लागून मागचे डबे पुढे रेटतात तेव्हा कपलरची दांडी त्याला पुढून मागे चेपते. ओढा किंवा ढकला, ठोकळा दाबलाच जातो! आणि घासणारे भाग कशाला? नुसती स्प्रिंग असती तर चेपल्यावर तिनं डबा उलटा भिरकावला असता. घर्षणामुळे धक्क्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जिरते.

तुमच्या घरच्या झोपाळ्याला स्प्रिंगा लावायच्या असतील तर? दोन मुलं आणि पाट मिळून 80 किलो धरू. दोन बाजूंना दोन स्प्रिंगा, म्हणजे प्रत्येकीवर 40 किलो. पण तुम्ही झोपाळ्यावर हळूच बसता का? वजन एकदम सोडलं तर क्षणभर दुप्पट ओढ लागते, आणि उडी मारून बसलात तर त्याहूनही जास्त. म्हणून 40 किलोची स्प्रिंग चालणार नाही, निदान 100 किलो सोसणारी हवी, आणि तीही ड्रॉबार पद्धतीची. जुनी स्प्रिंग बदलत असाल तर दुकानात जाताना तिच्या तारेची जाडी, वेढ्याचा बाहेरचा व्यास आणि ओढ नसतानाची लांबी लिहून न्या. झोपाळा अंगणात, पावसात असेल तर स्टेनलेस स्टीलची मागा. गंजामुळे तारेवर बारीक खड्डे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. टांगायच्या जुन्या स्प्रिंगवर असे खड्डे दिसले, तर ती अजून नीट ताणली जात असली तरी बदलून घ्या.